थोरा इस्बिस्टर मृत्युपत्र सांगते

बैस. खुर्चीवरचं मांजर उठणार नाही,
तू स्टुलावर बैस.
बोटीत उलटी झाली ना? दिसतंय तोंडावर.
किर्कवॉलच्या वकिलांना समुद्र सोसत नाही.
तुझ्या आधीच्यालाही सोसत नव्हता,
आणि तो माझ्याआधी गेला, बघ.

काढ तुझा कागद.
नवरा: नाही. ‘मयत’ नको लिहूस,
मरायला आधी असावा लागतो.
मुलं: नाहीत.
भाऊ एक होता, देवमाशांच्या बोटीवर दक्षिणेला गेला.
त्याची पेटी आली, तो आला नाही.
चुलत, मावस, आते, मामे…
तुझं बोट रकान्यावरून खाली खाली चाललंय,
आडात पोहरा सोडावा तसं.
पाणी नाही लागायचं, पोरा. ओढ वर.

कागद केला नाही तर सगळं राजाला जातं म्हणतोस.
शेवटचा वारस, राजा!
अकरा कोंबड्या आहेत, त्यातली एक लंगडी.
राजा येणार आहे का वेस्ट्रेला
पहाटे त्यांची अंडी शोधायला?

तर लिही.
होडी मेरन ड्रेव्हरला. वय चौदा.
न सांगता तिचा तळ खरवडते.
शिलाई मशीन शाळेला, सुई बदलून.
शेवंडांचे सापळे बावीस.
मोजशील तर एकोणीस भरतील,
तीन समुद्राने ठेवून घेतलेत. तेही लिही:
समुद्राला, तीन.
बँकेतलं माझ्या मातीचा खर्च जाऊन जे उरेल
ते जीवरक्षक बोटीला.
त्यांनी त्या रात्री तिघांना आणलं होतं,
आणि चौथ्यासाठी परत गेले होते.

आता ती पट्टी.
दगडी बांधापासून ओढ्यापर्यंत, अकरा पावलं रुंद,
वर्षातले आठ महिने नुसता चिखल.
एर्लंड रेंडल याला.

पेन का थांबलं?
हो, तोच. एकतीस वर्षं बोलणं नाही आमचं,
जे काय बोललो ते तुझ्या कचेरीच्या पाकिटांतून.
रकान्यात विचारलंय ना, नातं काय?
ज्याला भाऊ नाही त्याची भाऊबंदकी कुठून यायची?
पण झाली की. पिढीजात असावी तशी.
सख्ख्याशिवाय इतकं हटून बसतं का कुणी?
लिही: नातं, भांडण.
रक्ताचं नाही,
पण रक्त दोघांनीही आटवलंय.

आणि तुला म्हणून सांगते.
दवाखान्याच्या कागदावर ‘कुणाला कळवावे’ असतं,
तिथे नऊ वर्षं मी त्याचाच नंबर देते.
त्याला ठाऊक नाही.
माझ्या स्वयंपाकघरात सकाळी दिवा लागला नाही
तर ते त्याच्याच खिडकीतून दिसतं,
बेटावर दुसऱ्या कुणाच्या नाही.
येईल तो. शिव्या देत येईल,
पण बांध ओलांडून येईल.

अट? अट कसली घालतेस म्हणे.
अट घातली की मी जिंकले.
आणि तो हरलेला बघायला मी नसणार,
मग मजा काय?

साक्षीला पोस्टाची बाई येते अकराला.
तोवर एकच राहिलं.
भिंतीवरचा तो बॅरोमीटर, बापाचा.
रोज उठल्यावर काचेवर दोनदा टकटक करायची,
त्याशिवाय काटा खरं बोलत नाही.
वस्तू दे कुणालाही. लिलावात काढ.
पण ती टकटक? तिला रकाना आहे तुझ्या कायद्यात?
नाही.
बरं, तेवढी जाऊ दे राजाला.

फी कापून घे, आणि ही अंडी घे. सहा आहेत,
बोटीत मांडीवर धर, खाली ठेवू नकोस.
जाता जाता बघ बरं हवा काय म्हणते.
काचेवर. बोटाने. दोनदा.

हळू रे, हळू.

हं. पडला काटा.
पोस्टाच्या बाईला मीच आणते हाक मारून,
तू सह्या घे आणि पळ.